प्रश्नोत्तरांची संकेतस्थळं: वाचक वाढतात, पैसा येतो, मग उत्तरं का घसरतात?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी.

मी निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागांना सल्ला देते आणि वेळ मिळेल तशी प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर मराठीत उत्तरं लिहिते. सुरुवातीला तिथे शेतकरी नेमका प्रश्न घेऊन यायचे. वाण कुठला, छाटणी कधी झाली, पाऊस कधी पडला, सगळं सांगायचे. आता येतात ते प्रश्न असे: "द्राक्षावर डाउनी का येतो?", "डाउनीवर सर्वांत चांगलं औषध कोणतं?", "डाउनी किती दिवसांत जातो?" डाउनी म्हणजे द्राक्षावरचा एक बुरशीचा रोग. विचारणाऱ्याची बाग आहे की नाही, हेच कळत नाही. उत्तरंही त्याच मापाची. एका बुरशीनाशकाचं नाव आणि खाली "आवडल्यास मत द्या".

हे मला सोडून देता येत नाही, कारण चुकीच्या उत्तराची किंमत बागायतदार मोजतो. पोंग्यात, म्हणजे डोळे फुटताना, चालणारी फवारणी काढणीच्या तोंडावर घेतली तर औषधाचा अंश मण्यात राहतो. २०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते या भागात अजून कुणी विसरलेलं नाही.

तर प्रश्न असा. वाचक आणि उत्पन्न वाढवताना उत्तरांचा दर्जा टिकवता येतो का? कुणी टिकवला आहे का? आणि मराठीत असं काही नीट चालवायचं तर पैसा कुठून यावा?

बग_शोधक
टिकवला आहे. स्टॅक ओव्हरफ्लो, प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ. २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलं. त्याआधी आम्हा प्रोग्रामरना एक्स्पर्ट्स-एक्स्चेंजशिवाय फारसं काही नव्हतं. तिथे उत्तर झाकलेलं असायचं आणि पैसे मागायचे.

स्टॅक ओव्हरफ्लोने नियमच असे केले की बडबड टिकूच नये. मत द्यायला आपल्या लेखनाला मिळालेल्या मतांतून कमावलेले १५ गुण लागायचे, इतरांच्या लेखनाखाली टिप्पणी करायला ५०, प्रश्न बंद करण्यासाठी मत द्यायला ३,०००. वाईट उत्तराला उणं मत दिलं तर देणाऱ्याचाही एक गुण जातो, म्हणजे उगाच कुणी उणं मत टाकत नाही. "तुमचं मत काय?" छापाचे प्रश्न सरळ बंद. २०१४ च्या आसपास महिन्याला दोन लाखांच्या घरात प्रश्न येत होते, तरी पहिलं उत्तर उघडलं की काम होऊन जायचं.

टपाल
एक्स्पर्ट्स-एक्स्चेंजचं पान शेवटपर्यंत खाली सरकवलं की खरं उत्तर उघडं सापडायचं! गूगलला दाखवायचं तर वाचकालाही दाखवावं लागायचं. आमच्या अख्ख्या ऑफिसात ही विद्या एकमेकांच्या कानात सांगून पसरली होती.

अनामिका_ठाणे
@बग_शोधक, दर्जा टिकला, पण कुणाच्या जिवावर? नवख्यांच्या. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच लिहून मान्य केलं की आमच्याकडे नव्या माणसाचं स्वागत होत नाही, विशेषतः नवशिके प्रोग्रामर, स्त्रिया आणि इतर मागे पडलेल्या गटांचं. मी कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीत प्रश्न बेतशीर मांडायला वेळ लागतो. तेवढ्यात "आधी विचारून झालं आहे" असा शिक्का बसतो आणि ती मुलगी पुन्हा तिथे लिहीत नाही. उत्तरं उत्तम आणि विचारायची भीती, याला मी अर्धाच दर्जा म्हणेन.

बग_शोधक
भीतीचं मान्य. पण प्रत्येक नवख्याला तेच उत्तर पुन्हा द्यायचं ठरवलं तर जाणकार कंटाळून जातात. त्यांची संख्या वाढवता येत नाही, विचारणाऱ्यांची येते. सगळी अडचण तिथेच आहे.

हडसनकाठी
न्यू जर्सीतून लिहितोय. क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, कारण गोदाकाठ यांनी जे वर्णन केलंय त्याचं मूळ तिथल्या हिशेबात आहे.

फेसबुकमधून बाहेर पडलेल्या ॲडम डिअँजेलो आणि चार्ली चीव्हर यांनी २००९ साली कंपनी काढली आणि २०१० मध्ये संकेतस्थळ सर्वांना खुलं झालं. सुरुवातीपासून खरं नाव सक्तीचं होतं. पहिली काही वर्षं ज्यांनी एखादी गोष्ट स्वतः केली आहे तेच तिच्याबद्दल लिहीत होते. जाहिराती नव्हत्या, गुंतवणूकदारांचा पैसा होता. २०१६ मध्ये जाहिराती आल्या. त्याच सुमारास महिन्याला १० कोटी लोक येत होते, २०१८ पर्यंत ते ३० कोटींवर गेले. २०१९ मध्ये कंपनीचं मोल २ अब्ज डॉलर धरून नवी गुंतवणूक आली. एवढं मोल लावल्यावर वाढ थांबून चालत नाही.

आता कळीचा मुद्दा. २०१८ साली त्यांनी भागीदार योजना काढली. तिच्यात पैसे मिळत होते प्रश्न विचारणाऱ्याला! त्या प्रश्नाच्या पानावर जितकी वर्दळ, तितकी कमाई. उत्तर लिहिणाऱ्याला त्यातून काही नाही. मग लोकांनी एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारायला सुरुवात केली. "पुणे ते नाशिक किती अंतर?", "नाशिक ते पुणे किती अंतर?"

ही योजना वेडेपणाची नव्हती, हिशेबाने बरोबरच होती. गूगलमधून येणारा माणूस प्रश्नाच्या शब्दांवरून येतो. प्रत्येक नवा प्रश्न म्हणजे नवं पान, आणि नवं पान म्हणजे जाहिरातीला नवी जागा. असलेल्या पानावर आणखी एक चांगलं उत्तर आलं तर पान सुधारतं, पानांची संख्या तेवढीच राहते. ज्या क्षणी कमाई पानांवर मोजली जाते, त्या क्षणी प्रश्नाचा भाव वाढतो आणि उत्तराचा पडतो.

गोदाकाठ
@हडसनकाठी, हे वाचून बऱ्याच गोष्टी जुळल्या. डाउनीचे एकसारखे प्रश्न का, याचं उत्तर मिळालं. मनापासून आभार.

पेठकर
+१ हडसनकाठी. भर घालतो. २०१७ मध्ये क्वोराने प्रश्नाखालचा तपशील लिहायची सोयच काढून टाकली. म्हणजे "वाण कुठला, छाटणी कधी" हे लिहायला जागाच राहिली नाही. हेतू असा की प्रश्न सर्वांना लागू व्हावा आणि एकच पान अनेकांच्या कामी यावं. पुढे तर त्यांचा स्वतःचा बॉट प्रश्न टाकू लागला. २०२१ मध्ये खऱ्या नावाची सक्तीही गेली.

टपाल
याहू आन्सर्स कुणाला आठवतं? प्रश्न विचारला की ५ गुण कमी, उत्तर दिलं की २ मिळायचे, सर्वोत्तम ठरलं तर १०. त्या दोन गुणांसाठी लोक "माहीत नाही" एवढंच लिहून जायचे. दोन गुण तर दोन गुण! ४ मे २०२१ ला बंद झालं. मला मात्र त्याची आठवण प्रेमाने येते. रात्री दोन वाजतासुद्धा जगातलं कुणीतरी तुमच्याशी बोलायला जागं असायचं.

मांडवी
पणजीहून. मी ग्रंथपाल होते, त्यामुळे या विषयाबद्दल जरा जास्तच वाटतं.

पैसे दिले तर दर्जा येतो, याचं एक स्वच्छ उदाहरण आहे आणि ते कुणी सांगितलं नाही. गूगल आन्सर्स, २००२. विचारणारा स्वतः रक्कम ठरवायचा, २ डॉलरपासून २०० डॉलरपर्यंत. निवडून घेतलेले संशोधक उत्तर शोधायचे आणि रकमेचा ७५ टक्के वाटा त्यांना मिळायचा. ती उत्तरं मी वाचली आहेत. आमच्या संदर्भ विभागात अनुभवी माणूस जसं उत्तर देतो तशी: प्रश्न समजून घेतलेला, आधार दिलेला, कशाबद्दल खात्री नाही तेही सांगितलेलं. २००६ च्या शेवटी गूगलने नवे प्रश्न घेणं थांबवलं. दर्जा घसरला म्हणून ते बंद पडलं नाही. लहान राहिलं, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला लहान गोष्टीत रस नव्हता. त्याच सुमारास याहूचं फुकटातलं दुकान कितीतरी पटींनी वाढत होतं.

माझं मत सरळ आहे. लहान राहण्याची तयारी असेल तर दर्जा राहतो.

बग_शोधक
@मांडवी, लहान राहून पगार कोण देणार? स्टॅक ओव्हरफ्लोने तुमच्या-माझ्या उत्तरांवर फार जाहिराती लादल्या नाहीत, कारण त्यांनी दुसरीकडून पैसा उभा केला. आधी नोकऱ्यांचं दालन, मग कंपन्यांना त्यांच्या आतल्या वापरासाठी तीच यंत्रणा विकली. २०२१ मध्ये प्रोसस या गुंतवणूक कंपनीने १.८ अब्ज डॉलरला विकत घेतलं ते त्या जोरावर. उत्तर फुकट ठेवून शेजारी काहीतरी विकणं, हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

अनामिका_ठाणे
आणि ते नोकऱ्यांचं दालन २०२२ मध्ये बंदही केलं.

सातबारा
मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. तलाठी, पुढे मंडळ अधिकारी. तुम्ही सगळे नव्या प्रश्नांबद्दल बोलताय. माझं गाऱ्हाणं जुन्या उत्तरांबद्दल आहे.

"सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा कसा कमी करायचा?" हा प्रश्न मराठीत वारंवार विचारला जातो. एका संकेतस्थळावर याचं सर्वांत वरचं उत्तर सांगतं: बँकेचा दाखला घ्या, तलाठ्याकडे कागदी अर्ज द्या, पोच घ्या, हेलपाटे घाला. लिहिलं तेव्हा ते शंभर टक्के बरोबर होतं. आता बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो, तलाठ्याने फेरफार धरला की मंडळ अधिकारी तो तपासून प्रमाणित करतो. त्या उत्तराखाली मी सुधारणा लिहिली आहे, पण जुन्या उत्तराला वर्षानुवर्षांची मतं आहेत. माझ्या उत्तराला कालची. वर कोण राहणार?

खेड्यातला माणूस वरचं उत्तर वाचून तालुक्याला जातो, भाडं आणि मजुरी दोन्ही बुडवतो. हे उत्तर वाईट नव्हतं, ते शिळं झालं. संकेतस्थळाला त्या शिळ्या पानावरूनही तितकेच पैसे मिळतात, मग ते ताजं करायची घाई कुणाला असणार?

बग_शोधक
सातबारा काका, एकदम बरोबर बोललात. प्रोग्रामिंगमध्येही हेच. प्रश्नकर्त्याने स्वीकारलेलं उत्तर कायम वर चिकटलेलं असायचं, मग ते दहा वर्षं जुनं का असेना. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२१ मध्ये ते वर चिकटवणं बंद केलं आणि पुढच्या वर्षी अलीकडच्या मतांना जास्त वजन देणारी क्रमवारी आणली. म्हणजे उपाय करता येतो. पण तो करायला त्यांनाही तेरा वर्षं लागली.

पालवी
जरा विषयांतर करते, रागावू नका. गोदाकाठ ताई, आमच्या बाल्कनीत कुंडीत द्राक्षाचा वेल आहे. पानांवर पांढरं पडलंय. काय करू? 🙈

गोदाकाठ
पालवी, आधी मला सांग: पांढरं पानाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या? बोटाने पुसलं जातं का? बाल्कनीत ऊन किती तास येतं? घड धरलेत का, आणि ते घरात खाणार आहात का?

पालवी
वरच्या बाजूला. पिठासारखं, पुसलं जातं. ऊन सकाळचं, दोनेक तास. घड नाहीत. पूर्वेची बाल्कनी, डोंबिवली.

गोदाकाठ
मग ती भुरी दिसते, हा डाउनीहून वेगळा बुरशीचा रोग. डाउनी असता तर वरून तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली असती. भुरीला पाऊस लागत नाही, दाटी आणि सावली पुरते. आतल्या बाजूची गर्दी करणारी पानं आणि फुटवे काढ, हवा खेळू दे, कुंडी जास्त उन्हात सरकव. जास्त पांढरी झालेली पानं तोडून कचऱ्यात टाक, कुंडीत नको. एवढ्या लहान वेलीला आधी हे कर. फवारणीचं नंतर बघू, पंधरा दिवसांनी फोटो टाक.

मांडवी
वरच्या चार प्रतिसादांकडे सगळ्यांनी पुन्हा पाहावं. पालवीने एका ओळीत विचारलं. गोदाकाठ यांनी उत्तर दिलं नाही, उलट चार प्रश्न विचारले. त्यांतून भुरी आणि डाउनी वेगळे झाले. संदर्भ विभागात आम्ही हेच करायचो. वाचक येऊन म्हणायचा, "शिवाजी महाराजांवर पुस्तक द्या", आणि पाच मिनिटं बोलल्यावर कळायचं की त्याला आपल्या गावाजवळच्या एका किल्ल्याची माहिती हवी आहे.

प्रश्नाचं पान गूगलसाठी बनवलं की ही उलटतपासणी मरते, कारण विचारणारा माणूसच तिथे नसतो. पेठकर म्हणाले तो तपशील काढून टाकणं मला म्हणूनच सर्वांत मोठी हानी वाटते, भागीदार योजनेपेक्षाही मोठी.

हडसनकाठी
@मांडवी, सहमत. मी योजनेला कारण समजत होतो, तुम्ही त्याहून खोल गेलात.

पेठकर
मग एआयचं काय? चॅटजीपीटी विचारतं की उलट प्रश्न, सांगितलं तर.

बग_शोधक
त्याचा फटका सर्वांत आधी स्टॅक ओव्हरफ्लोलाच बसला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि काही दिवसांतच तिथे त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली. उत्तरं दिसायला सुबक, आतून चुकीची, आणि तपासणारे मोजके. २०२३ च्या जूनमध्ये अशी उत्तरं काढण्यावर कंपनीने मर्यादा घातल्या म्हणून मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांनी संप केला. हे सगळे बिनपगारी स्वयंसेवक, बरं का! त्याच वर्षी कंपनीने कर्मचारी कमी केले, ऑक्टोबरमध्ये एकदम २८ टक्के. प्रश्नांची संख्या तेव्हापासून उतरतच गेली आहे.

अनामिका_ठाणे
माझ्या विद्यार्थिनी आता एआयला विचारतात. तिथे शिक्का बसत नाही, मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं तरी चालतं. त्यांचा धीर वाढलाय, हे मला दिसतं. पण उत्तर चुकलं तर खाली येऊन "अहो, हे असं नाही" म्हणणारं कुणी नाही. ती चूक दुसऱ्या मुलीला दिसतही नाही, कारण प्रत्येकीची खोली वेगळी.

हडसनकाठी
आणि पैशाची गोष्ट बघा. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने आपली साठलेली उत्तरं वापरू देण्याचा करार चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी केला. काहींनी निषेध म्हणून आपली उत्तरं पुसायला घेतली तर त्यांची खाती काही काळ गोठवली गेली. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने त्याच वर्षी गूगलला आपला मजकूर द्यायचा करार केला. क्वोराचे डिअँजेलो तर २०१८ पासून ओपनएआयच्या संचालक मंडळावर आहेत आणि क्वोराने स्वतःचं पो नावाचं चॅटबॉटचं व्यासपीठ काढलं. २०२४ मध्ये मिळालेले साडेसात कोटी डॉलरही मुख्यतः त्याच्यासाठी.

म्हणजे उत्पन्नाचा तिसरा मार्ग निघाला: जाहिरात नको, वर्गणी नको, साठलेली उत्तरं विका. उत्तर लिहिणारा याही वेळी बाजूला.

टपाल
स्टॅक ओव्हरफ्लोवर लिहिताना आपणच मुक्त परवाना मान्य केलेला असतो ना? श्रेय द्या आणि वापरा.

हडसनकाठी
हो, आणि त्या परवान्यात श्रेय देण्याची अट आहे. यंत्राच्या उत्तरात तुमचं नाव कुठे दिसलं का? त्याबद्दलच लोकांचा राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

नागपुरी_संत्रं
उशिरा येतोय. दक्षिण कोरियाचं उदाहरण द्यायचंय, कारण ते मराठीच्या सर्वांत जवळचं आहे. २००२ च्या सुमारास कोरियन भाषेत इंटरनेटवर शोधण्यासारखं लेखनच कमी होतं. नेव्हर या कंपनीने प्रश्नोत्तरांचा विभाग काढला, लोकांनी लोकांना उत्तरं दिली आणि त्या साठ्याच्या जोरावर त्यांचं शोधयंत्र देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. गूगलला तिथे कित्येक वर्षं पाय रोवता आले नाहीत.

मराठीत क्वोरा २०१९ च्या सुमारास आलं तेव्हा मला हीच आशा वाटली होती. लोकांनी लिहिलंही भरभरून. कोकणातल्या देवराया, विदर्भातली धानाची वाणं, गावोगावचे दशावतार. पण ती दुसऱ्याच्या जागेतली बाग होती. कुठलं पान दाखवायचं, कुठलं दडपायचं, हे मराठी न वाचणाऱ्यांनी ठरवलं. मराठी पानावरच्या जाहिरातीचा दर इंग्रजीच्या पासंगालाही पुरत नाही, मग मराठी उत्तरांवर देखरेख ठेवायला माणूस कोण नेमणार?

पेठकर
मग गोदाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नावर येऊ. पैसा कुठून? शेतीच्या उत्तरांना औषध कंपन्या आनंदाने जाहिराती देतील. सर्व्हरचं भागेल, वर थोडं उरेल.

गोदाकाठ
ते मला अजिबात मान्य नाही. "फवारणीची गरज नाही, पानं विरळ करा" हे माझं उत्तर आणि शेजारी बुरशीनाशकाची जाहिरात? दोन हंगामांत माझ्यासारख्यांवर दबाव येईल, किंवा तसं उत्तरच खाली ढकललं जाईल. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सल्ला आणि विक्री एकाच माणसाकडे असते, त्याचा परिणाम मी रोज बागेत पाहते. तेच ऑनलाइन नको.

बग_शोधक
मग वर्गणी. पण विचारणाऱ्याकडून नाही, संस्थांकडून. द्राक्ष बागायतदारांचे संघ आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. त्यांच्या सभासदांसाठी सल्ल्याची बंद यंत्रणा आपण चालवायची, त्याचे पैसे घ्यायचे, आणि तिथली निवडक उत्तरं सर्वांना खुली करायची. स्टॅक ओव्हरफ्लोने कंपन्यांना विकलं तेच, शेतीच्या मापाने. मजकुराचा सर्व्हर फार महाग नसतो. महाग असतो तो तपासणाऱ्याचा वेळ.

सातबारा
तपासणाऱ्यांत माझं नाव घाला, महसुलाच्या प्रश्नांसाठी. पैसे नकोत. पण दोन अटी. प्रत्येक उत्तरावर तारीख आणि जिल्हा ठळक दिसला पाहिजे. आणि वर्ष उलटलं की ते उत्तर लिहिणाऱ्याकडे परत आलं पाहिजे: अजून बरोबर आहे का, सांगा. उत्तर नाही आलं तर खाली घसरावं.

अनामिका_ठाणे
तिसरी अट माझी. नवख्याचा प्रश्न बंद करायचा असेल तर आधीचं उत्तर त्याला लागू कसं होतं हे दोन ओळींत सांगावं लागेल. नुसता शिक्का चालणार नाही.

मांडवी
काका, पैसे नकोत म्हणू नका. फुकटच्या श्रमावर उभं राहिलेल्या प्रत्येक जागेचं पुढे काय झालं ते याच धाग्यात वाचलंत. थोडे का होईना, तपासणाऱ्याला मिळालेच पाहिजेत, आणि ते उत्तरामागे मिळावेत, प्रश्नामागे नाहीत.

सातबारा
बरं, मानधन घेतो. पण आकडा उघड असावा.

गोदाकाठ
बग_शोधक, बागायतदारांपैकी काहीजण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सुरू झालं तर पहिल्याच हंगामात डाउनीचे खरे प्रश्न येतील. विचारताना वाण, छाटणीची तारीख, तालुका आणि माल निर्यातीचा की स्थानिक बाजाराचा, हे चार रकाने भरल्याशिवाय प्रश्न पुढे जाऊ नये, असं करता येईल का?

बग_शोधक
येईल. पण पालवीसारखं "बाल्कनी" लिहिणाऱ्यांसाठी पाचवा रकाना ठेवतो.

पालवी
😄 पानं काढली, कुंडी सरकवली. फोटो पंधरा दिवसांनी टाकते.